पहिल्या दिवसाचा कागद

सरहद्दीवरची छावणी,
जुलैअखेर

प्रिय मृत्युंजय,

तुझं पत्र मिळालं. साहेब म्हणतील तिथं सही कर, झालं ते पोटात घाल आन् सुखरूप गावाकडं ये, असं लिहिलंस. न्हाई करणार सही. राग आला तर येऊ दे, पण आधी सगळं ऐकून घे.

धरलेला कैदी आला की त्याचे कपडे उतरवून अंगावरची एकूण एक जखम लिहायची, खाली तारीख आणि सही. फौजेचा नियमच हाय तो, आणि दवापाणी माझ्याकडं म्हणून लिहितो मी. आता धरलेला हा पलीकडचा शिपाई आला तेव्हा डाव्या मांडीत गोळी होती, पायाची दोन बोटं बर्फानं काळी पडलेली. बस्स, एवढंच. चौथ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो तर श्वास घेताना कळवळू लागला. तीन बरगड्या मोडलेल्या, उजव्या हाताची बोटं चिरडलेली. तेही लिहिलं मी. आता कैद्यांना भेटायला रेडक्रॉसची माणसं येणार, म्हणून कर्नलसाहेबांनी चौकशी लावली. तर सुभेदार मला बाजूला घेऊन सांगतो, पहिल्या दिवसाचा कागद नव्यानं लिही, कड्यावरून पडून बरगड्या मोडूनच आला होता म्हण. तुझ्या क्लासातल्या पोरांना तू चार पर्याय देतोस. मला दोनच दिलेत, आणि त्यातला एक धडधडीत खोटा.

वर टोमणे हायेतच. जेवताना एकजण म्हणाला, चांदपाशाला आपला माणूस सापडला. असं डोकं फिरलं माझं! अरे, आपला कसा? त्याच्या साथीदारांच्या गोळ्या लागून आमची सहा माणसं दवापाणी करता करता माझ्या हातांत गेली. मला काय त्याचा पुळका हाय का? पण हात वर केलेल्या माणसाला बांधून मारायचं, याला मी बहादुरी म्हणणार न्हाई, कुणाच्या बापाला भिऊन म्हणणार न्हाई. उद्या आपला जवान तिकडं सापडला, तर त्याच्या जखमा कुणी खऱ्या लिहाव्यात का न्हाई? तू लिहिलंस, लातूरला शिकणाऱ्या लुबनाचा विचार कर. केला. माझ्या लेकीला डॉक्टर व्हायचंय. खोटा कागद लिहून कुठल्या तोंडानं तिला शिक म्हणू?

शिवप्पाचं नाव तू सबंध पत्रात लिहिलं न्हाईस. मीही इथवर टाळलं. कैद्याला मारलं ते तुझ्या भावानं. आदल्या दिवशी शिवप्पाचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत गेला, हेही मी साक्षीत सांगणार हाय. किल्लारीच्या भूकंपात त्यानं नुसत्या हातांनी माती उपसून माझ्या अम्मीला बाहेर काढलं, ते मरेस्तोवर विसरणार न्हाई. लई रडलो, मृत्युंजय, सांगायला लाज कसली? काल त्याच्यापुढं उभं राहून सगळं सांगितलं. साक्ष उद्या दहा वाजता. तुम्हा दोघा भावांच्या आईला, अव्वाला, हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितोय. तिला समोर बसवून पत्र वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. तुझ्या हाती पडेल तोवर मी सांगून बसलेला असेन.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
चांदपाशा