होटगीच्या माळावरची बंदूक

१५ जानेवारी १९७८

फुगेवाल्यानं शेवटी हातच जोडले. गड्ड्याच्या जत्रेत मी दरवर्षी फुगे फोडतो, पण आजच्यासारखा हात कधी लागला नव्हता. वरची रांग संपली, मधली संपली – मागं माणसं गोळा झाली. फुगेवाला म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, आता जरा दुसऱ्यांनाही खेळू द्या की.

शिवम्मा बांगड्या घेऊन आली तर नवरा गर्दीच्या मधोमध, खांद्याला बंदूक लावून! घरी आल्यावर म्हणाली, ह्या वयात शोभतं का? मी म्हटलं, फुगे फोडायला वयाची अट कुठंय.

१८ जानेवारी

मालगाडी घेऊन वाडी जंक्शनला गेलो. इंजिनवर डोक्यात तेच – आपली स्वतःची बंदूक असावी. सिद्धनाथला सांगितलं. हा माझा फायरमन, नातेपुत्याकडचा, मेंढरं राखून रेल्वेत आलेला. कोळसा टाकता टाकता म्हणाला, "आप्पा, तुमी तर अंड्यालाबी शिवत न्हाय. बंदूक घिऊन मारनार काय?"

कागद मारणार, म्हटलं. तो पुढं हसतच राहिला.

२ फेब्रुवारी

अण्णारावच्या दुकानात गेलो. बंदुका, काडतुसं, शिवाय बॅटऱ्या आणि कुलपं. पोलीस परवाना मागतील म्हणून भीत भीत विचारलं. तो म्हणाला, काडतुसाच्या बंदुकीला परवाना लागतो, ह्या छऱ्याच्या बंदुकीला नाही. हिच्यात दारू नाही, नुसती स्प्रिंग आणि हवा. ताकद ठराविक मापाच्या आत असली की सरकारला तिचं काही नाही. बिल तेवढं नीट ठेवा.

हातात घेतली. लाकडी दस्ता, नळी मोडून आत छर्रा घालायचा. टोकाला माशी – तिच्यावरून नेम धरायचा. परत ठेवताना जिवावर आलं.

९ फेब्रुवारी

घेतली! किंमत लिहीत नाही. शिवम्मालाही अर्धीच सांगितली.

११ फेब्रुवारी

शिवम्माच्या अटी. देवघराच्या खोलीत ठेवायची नाही. पाखरावर, मांजरावर, कुठल्याच जिवावर धरायची नाही. पाव्हण्यांना दाखवायची नाही. पहिल्या दोन कबूल. तिसरी जड आहे.

संध्याकाळी माळवदावर मारली. वाळूचं पोतं, त्याला फळी, फळीवर कागद, कागदावर काळा ठिपका. आवाज टाळी वाजवल्याएवढा. शेजारच्या गिरिजाबाई तेवढ्यात वाळवण काढायला आल्या होत्या. त्या सगळं टाकून खाली पळाल्या.

१३ फेब्रुवारी

हवालदार आला. गिरिजाबाईंनी वर्दी दिली – ड्रायव्हरनं बंदूक आणलीय, भवानी पेठेत कुणाचा तरी मुडदा पडणार. बिल दाखवलं. त्यानं ते उलटं धरून वाचलं आणि म्हणाला, चौकीवर चला. गल्लीतून पुढं हवालदार, मध्ये बंदूक, मागं मी. शिवम्मा दारात उभी. तिचं तोंड बघवेना.

फौजदार भला माणूस. म्हणाला, नियम आहे – इंचभर जाडीच्या फळीतून छर्रा आरपार गेला तर परवाना लागेल, नाही गेला तर घरी जा. चौकीमागं फळी उभी केली. हवालदारानं नेम धरला, छर्रा फळीला सोडून कौलावर गेला. मग फौजदारानं स्वतः मारला. छर्रा फळीत रुतून बसला, पलीकडं काही नाही. मग म्हणाला, ड्रायव्हर, ही बंदूक तुमची. पण वस्तीत कशाला? मोकळ्या रानात जा.

परत येताना मीच बंदूक खांद्यावर घेतली. सगळी गल्ली बघत होती. लई बरं वाटलं.

५ मार्च

होटगीला धाकट्या भावाच्या रानात गेलो. मागं मातीचा उंच बांध, समोर माळ, माणूस नाही की जनावर नाही. अण्णारावही आला, त्याची बंदूक घेऊन. म्हणतो, दुकानात विकून विकून स्वतः मारायचं राहूनच गेलं. सुट्टीच्या रविवारी जमायचं ठरलं. तंबाखू, भाकरी, शेंगाचटणी आणि छर्रे – आणखी माणसाला काय लागतं?

९ एप्रिल

शिवम्मा आली होती, डबा घेऊन. "बेडा री, मला नको" म्हणत म्हणत हातात घेतली. डोळे गच्च मिटून चाप ओढला. छर्रा ठिपक्याच्या कडेला! अण्णाराव म्हणाला, वहिनी, डोळे उघडू नका, असंच चालू द्या. ती घरी येईपर्यंत हसत होती. आल्यावर गिरिजाबाईंना सांगायला गेली – स्वतःहून.

१४ मे

ऊन मरणाचं. तरी गेलो. आज माझा प्रत्येक छर्रा काळ्यात. अण्णाराव चहा हरला.

९ जुलै

हात बसेना. सगळे डाव्या अंगाला. छर्रे खराब असतील. अण्णाराव म्हणतो, त्याच डब्यातले मीही मारले.

६ ऑगस्ट

पुन्हा तेच. माशी वाकली असणार. अण्णारावनं बंदूक दुकानात ठेवून घेतली.

१३ ऑगस्ट

त्यानं तेल घातलं, माशी सरळ करून दिली. काही फरक नाही. चार शब्द बोललो त्याला. विकताना गोड बोलतोस, म्हटलं. त्याला लागलं. भाकरी न खाताच मोटरसायकल काढून गेला.

१७ सप्टेंबर

अण्णाराव आला नाही. सिद्धनाथला घेऊन गेलो. मी मारले – कागदावर कुठंही. त्याला म्हटलं, तू मारून बघ. जन्मात बंदूक धरली नव्हती. त्याचे सगळे काळ्यात गेले, एकावर एक.

तो माझ्याकडं बघायला तयार नव्हता. हळूच म्हणाला, "बंदूक बराबर हाय, आप्पा."

मी परत नेम धरला. या वेळी चाप ओढला नाही, नुसतं बघत राहिलो. डावा डोळा मिटलेला, उजवा माशीवर. फळी दिसते. कागदाच्या कडा दिसतात. मधला काळा ठिपका नाही. नजर जरा बाजूला नेली की कडेला दिसतो, सरळ बघितलं की नाही.

अण्णाराव, माफ कर बाबा.

१८ सप्टेंबर

शिवम्मा चहा घेऊन आली. डावा डोळा हातानं झाकला. तिच्या कपाळावरचं कुंकू गेलं. खिडकीचे गज मधोमध वाकलेले.

डोळ्यांत काय गेलं का, तिनं विचारलं. नाही, म्हटलं.

२१ सप्टेंबर

दोन्ही डोळे उघडे असले की सगळं नीट दिसतं. म्हणून तर इतके महिने कळलं नाही. बंदुकीनं डावा मिटायला लावला तेव्हा उजव्याचं पितळ उघडं पडलं.

आज इंजिनवरून बघितलं. तिलाटी स्टेशनचा सिग्नल. डावा मिटला. खांब दिसला, वरचा हात दिसला नाही. लगेच डोळा उघडला. हात खाली होता, म्हणजे लाईन मोकळी; आडवा असता तर थांबायचं.

२६ सप्टेंबर

बाजारातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, रेल्वेच्या नाही. धंदा विचारला तेव्हा पेंडीचं दुकान म्हणून सांगितलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय म्हणाले. औषधानं फारसं काही होणार नाही, चष्म्यानंही नाही. डावा मात्र उत्तम आहे, काळजी करू नका. दुकानदाराला तेवढा पुष्कळ झाला.

मलाही पुष्कळ आहे. रेल्वेची डोळ्यांची तपासणी अजून लांब आहे. मनातल्या मनात सगळा हिशेब केला – एक डोळा चांगला, हात चांगला, लाईन पाठ आहे. झोपेतही गाडी नेईन.

३ ऑक्टोबर

आमच्यात रीत आहे. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं आणि फायरमननं मोठ्यानं म्हणायचं, दोघांनी. आज ध्यानात आलं – हल्ली मी सिद्धनाथचा आवाज येईपर्यंत थांबतो, मग त्याच्या मागून म्हणतो.

त्याच्याही ध्यानात आलं असावं. अक्कलकोट रोडला इंजिनात पाणी घेताना त्यानं सरळ विचारलं. मी सांगून टाकलं. तो बराच वेळ चूळ भरत राहिला. मग म्हणाला, "मी हाय की. मी बगतो, तुमी चालवा. कुनाला सांगत न्हाय."

हलकं वाटलं. रात्री झोप लागली.

११ ऑक्टोबर

दसरा. शिवम्मानं बंदुकीलाही झेंडू वाहिला. म्हणाली, राहू दे, घरातलंच शस्त्र आहे. अण्णाराव सोनं द्यायला आला. मी माफी मागितली. तो म्हणाला, गिऱ्हाइकं ह्याहून वाईट बोलतात. माळावर कधी यायचं, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

१९ ऑक्टोबर

वाडीहून येत होतो. मागं सिमेंटनं भरलेले डबे, उतार. होटगी जवळ आलं. मी खिडकीतून बाहेर डोकं काढून बघत होतो. सिद्धनाथ खाली वाकून कोळसा मारत होता. वाऱ्यानं जळता कण आला – डाव्या डोळ्यात. डोळा मिटला तो उघडेचना, पाण्याची धार. उजवा सताड उघडा. सिग्नलचा खांब दिसत होता. हात आडवा आहे की खाली, काही कळेना. बघेन तिथं करडा डाग.

ओरडलो – सिद्धनाथ, सिग्नल काय आहे?

फावडं पडल्याचा आवाज आला. मग त्याचा –

"आडवा हाय, आप्पा! आडवा! बिरेक मारा!"

सगळा ब्रेक लावला. मागचे डबे धडाधडा एकमेकांवर आले. चाकं किंचाळली. इंजिन थांबलं तेव्हा खांब हात लांब केला तर लागेल एवढ्यावर होता. सिग्नलच्या अलीकडंच. म्हणजे कागदोपत्री काही झालं नाही.

सिद्धनाथनं गळ्यातल्या रुमालाच्या टोकानं माझा डोळा पुसला. कण निघाला. दिसायला लागलं तर पुढं आमच्याच लाईनवर, फलाटाला पॅसेंजर उभी. बाया उतरत होत्या, पोरांना हाताला धरून. एक बाई डोक्यावरची पाटी सावरत आमच्याकडंच बघत होती.

सिद्धनाथ म्हणाला, "काय झालंच न्हाय आप्पा. कुनाला कळायचं न्हाय."

मी म्हटलं, "तू वाकला नाहीस तर कोळसा कोण टाकणार? आणि तू वाकलास तर बघणार कोण?"

त्यानं फावडं उचललं. सिग्नलचा हात खाली पडला. लाईन मोकळी झाल्याचं त्यानं सांगितलं, मग मीही बघितलं आणि म्हटलं.

२० ऑक्टोबर

शिवम्माला सगळं सांगितलं. पेंडीच्या दुकानापासून. ती रागावली नाही. बराच वेळ माझ्या उजव्या डोळ्याकडं बघत बसली. म्हणाली, बाहेरून तर चांगला दिसतो. मग विचारलं, ह्यात मी तुम्हाला दिसते का?

कडेनं दिसतेस, म्हटलं.

२१ ऑक्टोबर

रेल्वेच्या दवाखान्यात गेलो, स्वतःहून. डॉक्टर म्हणाले, तुमची तपासणी अजून नाही, कुणी पाठवलं? कुणी नाही, म्हटलं. उजव्यानं सिग्नल दिसत नाही. त्यांनी बघितलं, आणि मला इंजिनवरून उतरवलं. कायमचं.

बाहेर बाकावर सिद्धनाथ बसला होता. त्यानं माझा डबा उचलला आणि घराच्या वाटेनं माझ्या उजव्या अंगाला चालू लागला.