धुतलेलं लुगडं

वाशीम, मंगळवार, १० डिसेंबर १९७४

काल लिहिलं की चंपीला आमची भाकर आवडत नाही. ते चूक होतं. आली तेव्हा ती खात होती. शेजारच्या मळ्यातली राधाआजी गेली आणि तिच्या कुलूप लावलेल्या दारापुढून मी तिच्या कुत्रीला, चंपीला, घरी आणलं. ती ज्यावर बसली होती, ते आजीचं जुनं लुगडंही आणलं. त्यावर निजली की तिची थरथर थांबायची. मग आईनं ते सोड्यात उकळून धुतलं. तेव्हापासून चंपी ते हुंगते आणि तोंड फिरवून भिंतीशी बसते.

"मेलेल्या माणसाचं कापड धुतल्याबिगर घरात ठेवतेत का कुठी?" आई म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? रीतच ती. मग स्वतःच दुधात भाकर कुस्करून चंपीपुढे बसली. "खाय वं माय. मले काहून पाप लावून राह्यली?"

चंपीनं पुन्हा लुगडं हुंगलं.

आत्ता आठवलं, बाजारात भाजी विकताना आजी एका बारदानावर बसायची आणि चंपी तिच्या मांडीला टेकून. बारदान कोणी धुवत नाही. ते खोलीतच असेल. पण गुरुवारी धनजहून आजीचा जावई येऊन खोली रिकामी करणार. काय म्हणून मागू? हसतील. आणि त्याचाही वास कधीतरी उतरेलच. मग तिला कसं सांगू, की आजी येणार नाही?

ते नंतर. गुरुवारी जावई कुलूप उघडेल तेव्हा मी त्या दारात उभी असेन.