खरी बंदूक लॉकरमध्ये

६ जानेवारी, सोमवार. सकाळी १०
उजव्या पायाला प्लास्टर. सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, जिना अजिबात नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डरने लिफ्टच्या नावाखाली फक्त लिफ्टचा खड्डा दिलेला. म्हणजे १७ फेब्रुवारीपर्यंत कोंडलेला. काल तळमजल्यावरच्या एजाजभाईने आणि त्याच्या भावाने मला खुर्चीसकट वर आणलं. चोपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर मला खाली ठेवून दोघांनी पाणी पिऊन घेतलं.
संकल्प १: वजन कमी करणे.

पडलो कसा, हे निदान इथे तरी खरं लिहावं. टॉवेलच्या कारखान्यात माझ्या स्टोअरमध्ये सगळ्यात वरच्या रॅकवर एक नवी कोरी मोटार नऊ वर्षं ठेवलेली आहे. ती नीट आहे ना, हे बघायला शिडीवर चढलो होतो.
मोटार नीट आहे.

८ जानेवारी
सौ. भुवनेश्वरी शाळेत शिकवते, ती सकाळी सातला जाते. माझ्यासाठी अक्कलकोटहून सासूबाई आल्या आहेत. नागव्वा, वय एकाहत्तर, आवाज पंचवीसचा.
संकल्प २: सासूबाईंशी वाद न घालणे. संकल्प ३: वाचन.
वाचन सुरू केलं. पान चारवर झोप लागली. जागा झालो तर सासूबाई विचारत होत्या, जावईबापू, पाय मोडला का डोकं, दिवसा कुणी झोपतंय का. वाद घातला.

स्टोअरला फोन केला. माझा असिस्टंट श्रीमंत सध्या माझं काम बघतोय. म्हणाला, सर, काळजी करू नका, सगळं मस्त चाललंय. यानेच काळजी वाटली. सत्तावीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एकही वस्तू संपलेली नाही. याचं रहस्य मी कुणाला सांगत नाही. मी सहसा देतच नाही.

१० जानेवारी
मुलगी अंकिता. इंजिनिअर झाली, सध्या घरीच. माझी अवस्था बघून तिने तिच्या लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला. जग संपलंय, वर हवा विषारी, उरलेली माणसं कोळशाच्या खाणीत अडकलीयत. आपण त्यातले एक. बाहेर पडायचं. वाटेत भुतंखेतं, डाकू आणि डुकराएवढे उंदीर.
मी म्हटलं, असले पोरखेळ मी खेळत नाही.
११ ते ५ खेळलो. फक्त तरुण पिढीचं मन समजून घेण्यासाठी.

१३ जानेवारी
शॉटगन मिळाली! गावठी. पाण्याच्या पाइपचे दोन तुकडे, दाराची कडी, कसलीशी स्प्रिंग आणि मूठ म्हणून सायकलचं हँडल. दोन बार होतात, मग एकेक काडतूस हाताने भरायचं, तोवर उंदीर मांडीपर्यंत पोचलेला असतो. दर तिसऱ्या बाराला अडकते. मग भिंतीवर आपटायची. एकदा आपटताना बार सुटला आणि मीच मेलो.
तरी मला ही बंदूक आवडली. कुणीतरी डोकं लावून बनवलीय. आमच्या कारखान्यात पण निम्मी मशिनं अशीच चालतात, कारण नवे पार्ट मी देत नाही.
खिडकीतून सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे भोंगे ऐकू येतात. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा नंदीध्वजाच्या काठ्यांच्या मिरवणुकीला नाही.

१४ जानेवारी
अंकिताने तीळगूळ दिला, पाया पडली आणि तिथेच बसून राहिली. मग म्हणाली, अप्पा, पुण्यातल्या कंपनीचं लेटर आलंय. ३ फेब्रुवारीला जॉइन व्हायचं. आई हो म्हणाली, अज्जी हो म्हणाली, तुमचं तेवढं राहिलंय की.
मी म्हटलं, प्लास्टर निघू दे, मग बघू.
खरं सांगायचं तर माझा होकार तेव्हाच ठरला होता. पोरगी हुशार आहे, सोलापुरात राहून काय करणार? पण वस्तू मागितल्याबरोबर काढून दिली की तिची किंमत राहत नाही, हा माझा अनुभव आहे. होकार जपून ठेवलाय. योग्य वेळी देईन.

१८ जानेवारी. दुपारी ३
आजचा दिवस ऐतिहासिक. खाणीतल्या पोलीस चौकीत, लोखंडी कपाटात, तेलाच्या कागदात गुंडाळलेली खरी शॉटगन सापडली. कंपनीची. काळी लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, एका दमात आठ बार. शेजारी चाळीस काडतुसं. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. अंकिताला हाक मारून दाखवली. तीही म्हणाली, अप्पा, भारी की. आता वापरा.
वापरा! या पिढीचं हेच चुकतं. पुढे याहून मोठं संकट आलं तर? मी ती परत कागदात गुंडाळून आमच्या तळावरच्या लॉकरमध्ये ठेवली. गावठी घेऊन पुढे गेलो. लगेच मेलो. पण खरीला ओरखडासुद्धा नाही.

२१ जानेवारी
सासूबाई हल्ली माझ्यामागे खुर्ची टाकून गेम बघतात. आज म्हणाल्या, जावईबापू, ती चांगली बंदूक कुटं हाय? म्हटलं, लॉकरमध्ये. तितं काय करायली? म्हटलं, सुरक्षित आहे. त्या म्हणाल्या, आन् तुमी हितं मरायलाव.
स्टोअर म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आमच्या कपाटात अजून लग्नातल्या सहा चादरी आहेत, प्लास्टिकच्या कव्हरसकट. चांगल्या पाहुण्यांसाठी. सव्वीस वर्षांत तितके चांगले पाहुणे आले नाहीत, हा चादरींचा दोष नाही.
वजन: काटा गॅलरीत आहे, तिथपर्यंत जाता येत नाही.

२४ जानेवारी
अंकिताने परत विचारलं. कंपनीला २९ तारखेला मेल करायचाय. मी म्हटलं, इतकी घाई असेल तर कंपनी चांगली नसणार. ती म्हणाली, अप्पा, नुसतं हो म्हणा की. मी म्हटलं, हो-नाहीचा प्रश्नच नाही. ती म्हणाली, मग कशाचा हाय?
ती सोलापुरी बोलायला लागली की चिडलीय असं समजायचं.
नंतर भुवनेश्वरी आली. म्हणाली, अहो, पोरगी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला? अगदी चुकीचा समज. मला तसं मुळीच वाटत नाही. फक्त ती दुपारी लॅपटॉपजवळ बसून सांगते ना, अप्पा डावीकडे बघा, अप्पा मागून आला, ते नसेल तर गेम अवघड जाईल. बाकी काही नाही.

२७ जानेवारी
श्रीमंतचा फोन. सांगायला लाज कशी वाटत नाही त्याला. तीन मशिनांना नवे बेल्ट दिले, बेअरिंगचा अख्खा डबा दिला. मी म्हटलं, आता स्टोअरमध्ये काय राहिलं? म्हणाला, काही नाही सर, पण मशिनं पळायलीत. मालकांनी सगळ्यांना भजी आणली.
भजी! मी नसलो की कारखान्याला शिस्त राहणार नाही, हे मला ठाऊकच होतं.
गेममध्ये गावठी आज सलग सहा बार न अडकता चालली. मग पाइपच फुटला. तारेने बांधला.

३० जानेवारी. संध्याकाळी ६
होकाराचा मसुदा तयार केला. "अंकिता, तू जा. मोठी हो. पैशांपेक्षा नाव कमव. तुझ्या अप्पाला तुझा अभिमान आहे." छान झालाय. वाचताना मलाच भरून आलं. तिला आत्ताच बोलवावं, असं एक क्षण वाटलं. ती स्वयंपाकघरात अज्जीला भाकरी थापून दाखव म्हणत होती, हसत होती.
पण मी असा पाय वर करून, बनियनवर. बापाने होकार द्यायचा तर उभं राहून द्यावा. कागद उशीखाली ठेवला.
तिने मेल केला की नाही, मी विचारलं नाही. माझ्या होकाराशिवाय ती जाणार नाही. तशी आमच्याकडे पद्धत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९
मोठ्या गुहेत अडकलोय. चारी बाजूंनी उंदीर, गावठी जाम. इतक्यात अंकिता आली, पाया पडली. मोडक्या पायालाच हात लावला, दुखलं. म्हणाली, अप्पा, निघते मी. मी म्हटलं, हां हां, येताना दूध आण.
गुहेतून सुटलो. फक्त आठ वेळा मेलो.

२ फेब्रुवारी. सकाळी ११
दूध अजून आलं नाही. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, पोरगी पुण्याला गेली की ओ. भुवा पोचवायला गेलीय स्टँडवर. तुमच्या पाया पडून गेली न्हवं? बॅगा दिसल्या न्हाईत का तुमाला?
दिसल्या होत्या. वाटलं, इस्त्रीला निघालीय.

फोन हातात घेतला. उशीखालचा कागद पण काढला. मग विचार केला, स्टँडवरचा तो गोंगाट, पानवाले, कंडक्टरच्या आरोळ्या. अशा ठिकाणी इतका महत्त्वाचा होकार द्यायचा? तिला नीट ऐकूसुद्धा आलं नसतं. सुट्टीला येईलच. तेव्हा समोर बसवून देईन.
फोन ठेवला. लॅपटॉप ती मागे ठेवून गेलीय. वर चिठ्ठी: अप्पा, ऑफिसचा मिळणार आहे. हा तुम्हाला. मधूनमधून सेव्ह करत जा.

५ फेब्रुवारी
घर मोठं झालंय. खेळताना डावीकडे कुणी बघायला सांगत नाही, त्यामुळे डावीकडून मरतो.
अंकिताचा रोज संध्याकाळी फोन येतो, आईला. मग अज्जीला. मग भुवनेश्वरी फोन माझ्यासमोर धरते. मी विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, हो. मी फोन परत देतो. होकाराचा विषय फोनवर काढायचा नाही, हे ठरलेलं आहे.

९ फेब्रुवारी
शेवटचा टप्पा आला. एक लोखंडी दार, त्यावर इंग्लिशमध्ये चार ओळी. अशा सूचना मी वाचत नाही, कारखान्यातल्या सगळ्या सूचना मीच लिहितो. बटण दाबलं. आत गेलो. मागून मोठा आवाज, धूळ, सगळी खाण खाली बसली. सूचना अशी होती म्हणे की एकदा आत गेलं की मागे येता येत नाही, लागेल ते बरोबर घ्या.
खरी शॉटगन लॉकरमध्येच. चाळीस काडतुसं. वर अख्खा डोंगर.
सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या का रडत होत्या, कळलं नाही.
शांतपणे विचार केला. बंदूक कुठेही गेलेली नाही. आहे तिथेच आहे. इतकी सुरक्षित तर ती कधीच नव्हती.

१३ फेब्रुवारी
समोर शेवटचा राक्षस. दोन मजली, अंगावर पत्र्याचं चिलखत. माझ्याकडे तारेने बांधलेला पाइप. एकतीस वेळा मेलो. पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही. बसून राहिलो तर तो पण काही करत नाही. नुसता बघतो. दुपारभर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.
श्रीमंतचा फोन. ती नऊ वर्षांची मोटार काढून बसवली. पहिल्या झटक्यात चालू झाली, सर, काय आवाज आहे तिचा, फोनवर ऐका म्हणाला. मी ऐकलं. चांगला आवाज होता.

१५ फेब्रुवारी. दुपारी
ठरवलं. आता वाट बघायची नाही. प्लास्टर निघालं की स्वतःच्या पायांवर मोकळ्या हवेत उभं राहायचं आणि अंकिताला फोन करून होकार द्यायचा. पूर्ण मसुदा, एक शब्द न गाळता. तिला किती बरं वाटेल! सासूबाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, करा बाबा, लौकर करा.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १
प्लास्टर निघालं. पाय आहे, पण दुसऱ्याचा असल्यासारखा. सकाळी एजाजभाईने खुर्चीसकट खाली नेलं होतं; येताना त्याच्या रिक्षातून उतरलो, वर गेलोच नाही. गेटपाशी काठी टेकून उभा राहिलो. शर्ट इस्त्रीचा. कागद खिशात. फोन लावला.

अंकिता हळू आवाजात बोलत होती, ऑफिसात होती. मी घसा साफ केला आणि सगळं वाचलं. तू जा. मोठी हो. अभिमानापर्यंत सगळं.
ती म्हणाली, अप्पा, मला जॉइन होऊन पंधरा दिवस झाले.
मी म्हटलं, हो, ते माहीत आहे.
ती म्हणाली, त्या दिवशी स्टँडवर मी तीन गाड्या सोडल्या. आई म्हणत होती, गाडीत बस, बस. मला वाटलं, तुम्ही फोन कराल.
कागद हातात होता, त्यावर आता वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी विचारलं, मग चौथ्या गाडीला जागा मिळाली का?
ती म्हणाली, मिळाली, अप्पा. खिडकीची मिळाली.