दोघांत एक ट्यूब

प्रिय राणीसरकार,

त्या बोटाएवढ्या ट्यूबची खरी किंमत आज मांडून बघितली. तुझी झोप गेली. ताईच्या घरची मागची खोली धरून बसायची वेळ आली. आपला मोठा आरसा भिंतीकडे तोंड करून उभा आहे, आणि फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस. औषधवाल्याने मात्र ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणून दिली होती.

इकडची काळजी करू नकोस. शाळेच्या भिंती घासून झाल्या, आता अस्तर मारायचं. दुसऱ्यांचे रंगाचे डबे धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी, माझं कुणावाचून अडत नाही. थकलोय एवढंच. शिडीवरून उतरताना गुडघे कुरकुरतात, आणि घरी आल्यावर दिवा लावायचाही कंटाळा येतो.

काल तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे एकटाच जाऊन आलो. बाहेर बाकावर बसलो होतो. माझे कान तुला माहीतच आहेत. एक आई मुलीला दटावत होती, पुटकुळ्या फोडू नकोस म्हटलं ना, डाग राहतील. मुलगी म्हणाली, तुझेही राहिलेत की, बाबांनी परत पाठवलं का तुला? पलीकडे एक टकले गृहस्थ केस उगवण्याची जाहिरात वाचत होते. बायको म्हणाली, उगवलेच तर विंचरायला वेळ कुठाय तुम्हाला? मला हसू फुटलं आणि तुला सांगायला मान वळवली. शेजारी कुणाची तरी छत्री होती.

बाईंनी पुन्हा बजावलंय, ते मलम चुकूनही परत लावायचं नाही. त्यात स्टेरॉइड होतं. त्याने आधी चेहरा उजळतो, कातडी पातळ होते, आणि सोडलं की लालबुंद होऊन सोलते. मग हळूहळू निवते, पण महिने जातात. गालांवरच्या काळ्या वांगाचं नंतर बघू म्हणाल्या. तोवर साधं मॉइश्चरायझर, उन्हाचं क्रीम आणि सावली. मी विचारलं, ते पील का लेझर म्हणतात ते एकदाचं उरकून टाकू का? तर म्हणाल्या, तुम्ही ओल्या भिंतीवर रंग मारता का हो? माझ्याच धंद्यात मला गप्प केलं बघ.

उठता उठता त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. थिनरने धुता ना? म्हटलं, ऑइलपेंट दुसऱ्या कशाने निघणार? मग खाजेला काय लावत होता? मी सांगितलं आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तीच ट्यूब. मीच औषधवाल्याला हात दाखवून आणलेली. माझ्या बोटांवरचे काळे चट्टे उजळलेले बघून तू ती गालाला लावलीस, हे त्यांना माहीतच नव्हतं. तू त्यांना ‘कुणीतरी सांगितलं’ एवढंच म्हणाली होतीस. माझं नाव राखलंस.

आणि आता तिकडे बसून, या वयात गोरं व्हायची हौस नडली, असं ताईला सांगतेस म्हणे. हौस कसली? घरात औषध दिसलं, गुण आलेला दिसला, लावलंस. मी तुझा चेहरा बघू नये म्हणून तू गेलीस, हे मला कळतं. पण ज्याचा जन्म पोपडे आलेल्या भिंतींसमोर गेला, तो तुझ्या दोन गालांना बिचकेल होय?

फोनवर हे बोलायला घेतलं की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. बरी झाल्यावर नको, आत्ता ये, आहेस तशी. आरसा हवा तितके दिवस उलटा राहू दे. ये अशासाठी म्हणतोय की बाईंनी मलाही मलम आणि सुती हातमोजे दिलेत. बोटं चिरली आहेत, उठल्या उठल्या वळत नाहीत. रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं समोरचे पेन्शनर काका लावून देतात.

तुझाच,
रंगारी