कमरेच्या गाठीकडे जाणारा हात

अमरावती,
बुधवार

प्रिय विपुल,

फोन हातात असताना हिने कागद कशाला धरला, ही शंका तुला आधी येईल. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी ऐकून घेते, म्हणून धरला. रविवारी आपलं साक्षगंध आहे, बोटांत अंगठ्या पडायच्या आहेत. तुझ्या आईंनी काल अकोल्याहून दोन साड्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, "मोरपंखी घेऊ का राणी रंगाची? तुले कोनती आवडते, तूच सांग." मी अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी ती साडी मी नेसणार आहे की नाही, हेच आधी ठरायचंय. आणि ते ठरवायचं तर माझ्या मनातला संशय एकदा नीट मांडून बघायला हवा.

मागच्या उन्हाळ्यात तू मला पुण्याला तुमच्या स्टुडिओत बोलावलंस तेव्हा मी इकडे आखाड्यात पेढे वाटले होते. तुमच्या गेममध्ये दांडपट्टा खेळणारी एक लढवय्यी बाई असणार, तिच्या हालचाली माझ्या असणार आणि आपल्याकडच्या पोरी तिला घेऊन खेळणार, असं तू सांगितलं होतंस. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा ड्रेस, त्यावर चिकटवलेले ठिपके, चारी बाजूंनी कॅमेरे. माझ्यासोबत आलेल्या आमच्या आखाड्यातल्या कुलदीपलाही तसंच नटवलं. या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त ठिपके दिसतात, असं तू म्हणालास आणि मला ते फार आवडलं. पट्टा हाती घेण्याआधी आम्ही दोघांनी वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला, आखाड्यातल्या लाल मातीला करतो तसं वंदन. वस्ताद जानरावांनी ती सवय आमच्यात इतकी मुरवलीय, की इथे माती नाही, गुळगुळीत फरशी आहे, हे मला नंतर कळलं.

पुढे मी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तुझ्याकडे काहीतरी कारण तयार होतं. कधी गेमचं नाव ठरत नव्हतं, कधी साहेब परदेशात होते. मी भोळेपणाने पोरींना सांगत राहिले, येईल गं, येईल. मग गेल्या आठवड्यात पिंकीने माझ्यापुढे फोन धरला. पिंकी म्हणजे माझ्या बॅचमधली बारावीतली पोरगी, लाठी तिच्यासारखी कुणी फिरवत नाही. म्हणाली, "ताई, हे तं तुमीच होय ना? आमाले सांगतलं कावून नाही?" गेम दिवाळीपासून सगळ्यांच्या फोनवर आहे म्हणे. मी म्हटलं, ही कुठली मी? कंबर मनगटाएवढी, अंगावर कापड रुमालाएवढं. आपल्या वैशाखात अशी लढायला निघाली तर दुश्मनाच्या आधी ऊनच तिचा निकाल लावेल. पण तेवढ्यात ती गर्रकन वळली आणि तिचा डावा हात कमरेकडे गेला. आखाड्यात आम्ही ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारतो, आणि वळताना ती गाठ जागेवर आहे ना, हे माझा हात चाचपून बघतो. वस्ताद ओरडून थकले, "पोरी, हात तिकडं कायले जाते? पट्ट्यावर ध्यान ठेव." माझी खोड गेली नाही. स्टुडिओत ओढणी नव्हती, तरी हात गेला असणार. त्या बाईच्या अंगावर ओढणी तर सोडच, काहीच नाही, आणि तरी ती बिचारी प्रत्येक वळणाला झाकायला बघते. मला हसू आलं आणि मग रडूही आलं.

त्याहून वाईट पुढे आहे. खेळायला पात्र निवडायचं असतं, तिथे त्या बाईवर बोट ठेवलं की ती वाकून जमिनीला हात लावते आणि कॅमेरा नेमका तिच्या गळ्यासमोर येऊन थांबतो. ते माझं वंदन आहे, विपुल. कुलदीपच्या हालचालींवर बेतलेला सरदार मात्र चिलखत घालून ताठ उभा राहतो आणि मिशीला पीळ देतो. वंदन त्यानेही केलं होतं, ते तुमच्या कुणाच्या कामाचं नव्हतं. कुलदीपला मिशा नाहीत, त्याला दिल्या. मला कपडे होते, माझे काढले. आता संध्याकाळी आखाड्याच्या कुंपणापाशी पोरं फोन घेऊन उभी असतात आणि माझ्या पोरी न वाकता सरळ लाठी उचलतात. मी त्यांना रागवत नाही. काय तोंडाने रागावू?

तुला फोन केला तेव्हा तुझं पहिलं वाक्य होतं, "तुले कोनं दाखवलं?" आणि मग लगेच, "मी तं झाडं अन् दगड बनवतो, आरती. बाया-मानसं दुसरी टीम करते. मले काय मालूम?" ज्याला काही माहीत नसतं तो आधी विचारतो, काय झालं. तू विचारलंस, कुणी दाखवलं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी स्वतःलाच दटावलं, की लग्न ठरलेल्या बाईने इतकं संशयी असू नये.

आणि मी तिथेच थांबले असते. तुझ्या त्या दुसऱ्या टीमला चार शिव्या घालून, आईंना साडीचा रंग सांगून मोकळी झाले असते. पण काल दुपारी पिंकीचा फोन मागून घेतला आणि त्या बाईला बोटाने गोल फिरवून पाहिलं. पाठ तिची उघडीच आहे. डाव्या खांद्याखाली एक वाकडा डाग आहे. लहानपणी मी तापलेल्या बंबाला टेकले होते, तो. स्टुडिओत माझी पाठ झाकलेली होती. तो डाग माझ्या आईला माहीत आहे, आणि चिखलदऱ्याला तू पाहिलास. तेव्हा त्यावर तू नुसता हात ठेवलास, आणि मला वाटलं होतं की याच माणसाशी लग्न करावं. रविवारी अकोल्याहून कुणी निघू नये, हे तुझ्या आईंना तूच सांग. मी सांगायला गेले तर त्या कारण विचारतील, आणि माझ्याच्याने खोटं बोलवणार नाही. कसला डाग, कुठे आहे, असं त्यांनी विचारलं तर तो दाखवायला माझी गरजही पडणार नाही. कुणाचाही फोन पुरेल.

तुझीच म्हणून लिहायला बसलेली,
आरती