झाकणातला बोल्ट

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या कुकरच्या झाकणात सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी साधा बोल्ट आवळलेला आहे. आमच्या शेजारच्या गोरेगावातल्या भांडेवाल्याने झाकण हातात घेताच आज तसं सांगितलं. मी नुसतं रबर बदलायला गेलो होतो. "शिट्टी तुंबली तर वाफ जाईल कुठून? झाकणच उडंल," म्हणाला. नवा कुकर घेऊनच परतलो.

आईने तो बोल्ट फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घेतला होता. मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "काहून वरडून राहिला? तिथून सारखी वाफ जायची. बोअरच्या पाण्यात डाळ अशीबी लवकर शिजत न्हाई. वर्ष झालं, काई झालं का?"

वर्षभर ती त्या बोल्टापासून हातभर अंतरावर वावरत होती आणि मी बाहेरच्या खोलीत शिट्ट्या ऐकत लिहीत बसलो होतो. एकदाही झाकण पाहिलं नाही. का?

मग ती सहज बोलून गेली, "शेजारच्या रखमानंबी माझंच पाहून तसा बोल्ट बसवून घेतला."

रखमाकाकू पुसेगावला लेकीकडे आहेत. फोन लागत नाही. सकाळच्या जीपने येतील आणि आल्या की आधी डाळ चढवतील. मी सांगितलं तर हसतील. आईनेच सांगायला हवं. "म्या कोन्त्या तोंडानं सांगू?" म्हणाली, आणि नव्या कुकरकडे पाठ करून पातेल्यात डाळ ढवळत राहिली.

सकाळी मी जीप थांबते तिथे उभा राहणार आहे. आई येते का बघायचं.