बाबांनी सोडलेलं गाऱ्हाणं

बाबा, आज तास संपल्यावर शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, मॅडम, फिजिक्स तर झालं, आता पुढे काय करू? मी तिला एम.एस्सी., बी.एड., स्पर्धा परीक्षा असं सगळं नीट सांगितलं. ती गेली आणि मी तशीच बसून राहिले. मला आपलं लांज्याकडचं घर दिसत होतं, दोन हजार सालचा जून, आणि पडवीत पान लावत बसलेले तुम्ही.

निकाल लागला होता. रत्नागिरीच्या कॉलेजात पोरगी पहिल्या वर्गात आली म्हणून तुम्ही वाडीभर पेढे वाटलेत खरे, पण पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईचे काका म्हणत, फिजिक्स घेऊन काय पंखे दुरुस्त करणार आहे? कॉम्प्युटरचा कोर्स करू दे. आईच्या डोळ्यांसमोर गावच्या हायस्कुलातली जागा होती, सकाळी जायचं नि संध्याकाळी चुलीपाशी परत. माझ्या मनात पुण्याची एम.एस्सी. होती, पण पुणं मी पाहिलंही नव्हतं. कुणी जा म्हटलं असतं तर गेले असते, राहा म्हटलं असतं तर राहिले असते. तुम्ही दोन्हीतलं काहीच बोलला नाहीत. म्हणालात, देवाला विचारू.

विचारणारच होतात. विहीर कुठे खणायची, काजूची कलमं कुठल्या उतारावर लावायची, म्हैस घ्यायची की नाही, सगळं तुम्ही कौल लावून ठरवलेलं. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना गुरव ओल्या पाकळ्या चिकटवणार, उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. त्यात गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. साऱ्यांचं सुखदुःख तुम्ही तुमच्या खणखणीत आवाजात देवापुढे मांडायचं आणि मागून सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. मी नुकतीच पदवीधर झालेले, शिंगं फुटलेली. म्हटलं, बाबा, पाकळी किती ओली नि दगड किती गुळगुळीत, यावर ती पडते. त्यावर माझं आयुष्य ठरवणार? पानाला चुना लावता लावता तुम्ही थांबलात. "तुझं ते तुझ्या कॉलेजात. देवळात देवाचं," एवढंच म्हणालात आणि टोपी घालून निघालात. मी रागाने जेवले नाही.

दुपार कलल्यावर तुम्ही परत आलात. पायांवर पाणी घेतलंत आणि आईला म्हणालात, उजवा झाला, पोरीची ट्रंक काढ. आईने डोळ्यांना पदर लावला, पण देवानेच सांगितल्यावर ती काय बोलणार? आणि मला इतकं हायसं वाटलं की त्या दगडावरचा माझा रागसुद्धा गेला. तुमच्या चेहऱ्याकडे मात्र मी बघितलंच नाही.

पुण्याहून मी वाण्याच्या दुकानात फोन करायची. तुम्ही धापा टाकत यायचात आणि पहिला प्रश्न ठरलेला, काही झालं नाही ना, बाय? काय व्हायचंय मला, मी वैतागायची. एकदा नुसता ताप आलाय म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही फणसाचे गरे घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी उभे. मैत्रिणी हसल्या, मीही हसले. त्या वर्षी शिमग्याला घरी आले तर पालखीपुढे गाऱ्हाणं मुंबईचे काका घालत होते, अडखळत, कागदावर बघून. तुम्ही मागे गर्दीत. घसा बसतो हल्ली, म्हणालात. आरतीत तर तुमचाच आवाज सगळ्यांच्या वर होता. मी चिडवलं, देवावर रुसलात की काय? तुम्ही हसून मान फिरवलीत. पुन्हा कधी तुम्ही गाऱ्हाणं घातलं नाहीत.

मला नोकरी लागली आणि त्याच पावसाळ्यात भाताच्या लावणीहून येऊन तुम्ही पडवीत बसलात ते उठलाच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, मला ते पटलं. दिवसकार्य उरकल्यावर गुरवकाकांनी मला विहिरीपाशी गाठलं. म्हणाले, तुझ्या बापसाने माझ्याकडून शब्द घेतला होता, पण आता तोच नाही. तुझ्या पुण्याचं विचारलं त्या दिवशी कौल डावा झाला होता. परत लावला, परत डावा. तुम्ही बराच वेळ खांबाला टेकून बसलात म्हणे, आणि मग उठून त्यांना म्हणालात, "घरी मी उजवा सांगणार. देवाला काय करायचं ते माझं करू दे, पोरीचं नको." देवाचा शब्द फिरवलेल्या तोंडाने पुन्हा त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं नाही, हेही तुम्ही तिथेच ठरवलंत.

बाबा, मला वाटायचं, देवाबिवाला न जुमानता मी शिकले. मला ते सोपं होतं, माझा विश्वासच नव्हता. तुमचा होता. म्हणजे इतकी वर्षं, दर फोनला, तुम्ही माझं काही वाईट झाल्याची बातमी ऐकायच्या तयारीने धावत येत होतात. एकदा तरी सांगायचं होतंत. मी हसले असते म्हणून नाही सांगितलंत ना? हसलेच असते मी.

हे पत्र टाकायचं कुठे? राहील टेबलाच्या खणात. पण एक कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी विहिरीवरून मी तडक देवळात गेले. तुमचेच शब्द आठवून आठवून गाऱ्हाणं घातलं, बा महाराजा, माझ्या बापसाने केलं ते माझ्यासाठी केलं, तुझा त्याच्यावर राग नाही ना? मागे 'होय महाराजा' म्हणायला गुरवकाकांखेरीज कुणी नव्हतं. ते पाकळ्या भिजवून पुढे झाले. पाकळी का पडते ते मला पाठ आहे, तेच तर मी मुलांना शिकवते. तरी मी त्यांचा हात धरला, नका लावू म्हटलं. डावा झाला असता तर मला सोसलं नसतं, बाबा.